गाडीचा निरोप आणि प्रवाशाचा निरोप



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे व्याख्यान म्हटले की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा केली जाते. आज मी ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहे त्यात राजा आहे तो नावापुरता, आणि लढाई आहे ती अंतराशी. हा इतिहास आपल्या आगगाडीचा आहे; आणि त्यातही इंजिनाचा किंवा डब्यांचा नव्हे, तर गाडीबरोबर धावणाऱ्या निरोपाचा आहे.

गाडीच्या दारात उभा राहून, एका कानात बोट घालून, "हॅलो, ऐकू येतंय का? हॅलो!" असे ओरडणारा माणूस आपणांपैकी कोणी पाहिला नाही? पुष्कळांनी तर ती भूमिका स्वतःच वठविली असेल. सांगावयाचे असते एवढेच की, 'परळी सुटली, आता स्टेशनावर न्यायला या.' त्यातील 'परळी' घरी पोहोचते आणि 'सुटली' मधल्या रानात कोठेतरी गळून पडते. घरची मंडळी समजतात की गाडी अद्याप परळीतच उभी आहे. मग रात्री अकरा वाजता लातूर रोडच्या फलाटावर म्हातारे वडील पिशवी घेऊन ताटकळत बसतात. हा प्रसंग हसण्याजोगा खरा. पण त्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. ज्या रुळांवर गाडीचा स्वतःचा निरोप शंभराहून अधिक वर्षे पोहोचत आला, त्याच रुळांवर प्रवाशाचा निरोप का हरवतो? या प्रश्नाचे उत्तर केवळ यंत्रशास्त्रात सापडणार नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

दोन मार्ग, दोन घराणी

नांदेड आणि लातूर या दोन्ही नगरांस आगगाडी मिळाली ती दोन निराळ्या घराण्यांची. नांदेडची गाडी निजामाच्या राज्याची. 'निजामाज गॅरंटीड स्टेट रेल्वे' असे तिचे लांबलचक नाव होते. यातील 'गॅरंटीड' या शब्दाचा अर्थ एवढाच की, विलायती भांडवलदारांनी पैसे घालावे आणि त्यांवरील व्याजाची हमी हैदराबादच्या खजिन्याने घ्यावी. या व्यवस्थेतून हैदराबादेपासून गोदावरीच्या खोऱ्याने मनमाडपर्यंत मीटरमापी रूळ टाकले गेले, आणि १९०० च्या सुमारास नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही गावे एका माळेत ओवली गेली. छप्पनच्या दुष्काळाची ती वर्षे होती हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लातूरची गाडी निराळी. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराने बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट मापाची छोटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत आणली. पुढे १९०६ साली ती पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोहोचली. बार्शी इंग्रजी मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. लातूर निजामाच्या इलाख्यात. म्हणजे ही चिमुकली गाडी रोज एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात जात असे. लातूरच्या मोंढ्यातील माल तिच्यातून बाहेर पडू लागला आणि बाहेरचा भाव तारेने आत येऊ लागला.

पुढील हकिकत थोडक्यात सांगतो. निजामाची रेल्वे १९३० साली संस्थानच्या ताब्यात गेली, आणि हैदराबाद भारतात विलीन झाल्यावर १९५० साली ती भारतीय रेल्वेत सामील झाली. बार्शी लाइट १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने विकत घेतली. मनमाडकडील मीटरमापी रूळ १९९२ पासून टप्प्याटप्प्याने रुंद झाले, आणि कुर्डुवाडी-लातूर मार्गाचे रुंदीकरण २००८ साली पुरे झाले. नांदेडचा स्वतंत्र रेल्वेविभाग २००३ साली स्थापन झाला. आजही नांदेडचा विभाग दक्षिण मध्य रेल्वेत आणि लातूर मध्य रेल्वेत आहे; दोन घराण्यांचा वारसा असा अजून चालू आहे. नांदेडहून लातुरास रुळाने जाणाऱ्याला परभणी, परळी, लातूर रोड असा मोठा वळसा घ्यावा लागतो, तो याच वारशाचा एक भाग म्हणावयास हरकत नाही.

तारेची शिस्त

आता निरोपाकडे वळू. रुळांबरोबर खांब आले आणि खांबांवर तारा आल्या. त्या काळच्या खेडुताला त्या तारांचे मोठे गूढ वाटे. पण स्टेशनमास्तराच्या मेजावरील 'कडकट्ट, कडकट्ट' करणारे यंत्र हे गूढ मुळीच नव्हते. गाडीचा जीव त्याच्यावर अवलंबून होता.

एकेरी मार्गाचा विचार करा. दोन स्टेशनांमध्ये एकच रूळमार्ग आहे. इकडून एक गाडी निघाली आणि तिकडून दुसरी निघाली तर काय होईल हे सांगावयास नको. म्हणून नियम असा की, पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' दिल्यावाचून या स्टेशनाने गाडी सोडावयाची नाही. पुढे या नियमाला यंत्राची जोड मिळाली. दोन स्टेशनांतील दोन पेट्या तारेने जोडलेल्या. एका पेटीतून लोखंडी गोळा बाहेर काढावयाचा तर दुसऱ्या टोकाच्या मास्तराची संमती लागे, आणि एक गोळा बाहेर असेतोवर कोणत्याच पेटीतून दुसरा निघत नसे. तो गोळा चामडी पिशवीत घालून, वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून, ड्रायव्हरच्या हाती द्यावयाचा. धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडे झेलणारा ड्रायव्हर ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते दृश्य विसरता येणार नाही.

या व्यवस्थेतील खरी बुद्धी कोठे आहे? ती वेगात नाही. तारेचा वेग तर आपोआपच होता. खरी बुद्धी अशी की, येथे मौनालाही ठरलेला अर्थ होता. तार तुटली, यंत्र बिघडले, पलीकडचा मास्तर झोपी गेला, तरी त्या सर्वांचा अर्थ एकच: गाडी सोडू नका. निरोप आला नाही हाच एक निरोप होता. आणि दुसरी गोष्ट अशी की, रुळाच्या प्रत्येक मैलाला एक धनी होता. अमक्या खांबापासून तमक्या खांबापर्यंत तार तुटली तर कोणी जावयाचे हे ठरलेले होते. विश्वसनीयता म्हणून जी म्हणतात ती या दोन गोष्टींतून निर्माण होते: मौनाचा ठरलेला अर्थ आणि प्रत्येक मैलाचा ठरलेला धनी. आजच्या सर्व विवेचनाचा हा आधार आहे.

या तारांचे महत्त्व राज्यकर्त्यांना जसे कळले होते तसेच त्यांच्या विरोधकांनाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तारा तोडणे हा लढ्याचा एक मार्ग होता, आणि ३० जानेवारी १९४८ रोजी मुक्तिसैनिकांनी ज्या उमरीच्या बँकेवर धाड घातली ते उमरी नांदेड जिल्ह्यात, याच रुळमार्गावर वसले आहे.

आणखी एक साधन पुष्कळांच्या पाहण्यात आले असेल. गाडी आडरानात बंद पडली तर गार्ड आपल्या डब्यातून एक सुटा टेलिफोन आणि लांब काठ्या बाहेर काढी, काठीच्या टोकाचे आकडे खांबावरील तारांना अडकवी आणि थेट कंट्रोलशी बोले. भर रानात, बाभळीखाली उभा राहून, दूरच्या अधिकाऱ्याशी बोलणारा तो गार्ड म्हणजे आजच्या मोबाइलधारकाचा पूर्वजच म्हटला पाहिजे. मात्र बोलण्यासाठी त्याला गाडीतून खाली उतरावे लागे.

आणि प्रवासी? प्रवाशालाही तार करता येत असे. पुष्कळ रेल्वे स्टेशनांवर लोकांच्या तारा पैसे घेऊन स्वीकारल्या जात. पण त्यासाठी गाडी थांबली पाहिजे, फलाटावर उतरले पाहिजे आणि गाडी सुटण्यापूर्वी परत चढले पाहिजे. तारेचे खांब प्रवाशाच्या खिडकीसमोरून ओळीने पळत, पण त्यांतून जाणारा निरोप त्याचा नसे. हा भेद तेव्हा पडला, आणि तो आजतागायत बुजलेला नाही.

धावत्या गाडीतून बोलण्याचे प्रयोग

धावत्या गाडीतून बोलता यावे ही इच्छा मात्र जुनी आहे. अमेरिकेत ग्रॅनव्हिल वुड्स या कृष्णवर्णीय संशोधकाने १८८७ साली अशा एका योजनेचे पेटंट मिळविले. एडिसनही याच मागे होता. या मंडळींची युक्ती मोठी मौजेची होती. गाडी आणि रुळालगतची तार यांना चिकटविता येत नाही हे खरे. पण गाडीतल्या वेटोळ्यात विजेचा प्रवाह खेळविला तर जवळच्या तारेत तसाच क्षीण प्रवाह उमटतो. स्पर्शावाचून निरोप उडी मारतो. तार होती, पण तारेशी बांधलेपण नव्हते.

खऱ्या बिनतारी संदेशाचा पाया त्याच सुमारास घातला जात होता. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली विद्युल्लहरींच्या योगाने भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली. १९०२ साली कॅनडात अर्नेस्ट रदरफोर्ड आणि हॉवर्ड बार्न्स या प्राध्यापकांनी ग्रँड ट्रंक रेल्वेच्या धावत्या गाडीत बिनतारी संदेश घेऊन दाखविले. तोच रदरफोर्ड पुढे अणूच्या गर्भापर्यंत पोहोचला. हे यश स्टेशनापासून काही मैलांपुरतेच होते. त्यापलीकडे गाडी मुकीच.

सामान्य प्रवाशाच्या हाती टेलिफोन आला तो १९२६ साली, जर्मनीत. बर्लिन-हांबुर्ग मार्गावरील गाडीतून प्रवासी गावातील कोणत्याही टेलिफोनशी बोलू लागले. येथेही लहरी दूरच्या मनोऱ्याकडे गेल्या नाहीत. डब्यावरील तारांतून निघून त्या रुळालगतच्या तारांवर उतरल्या आणि तारांच्याच आधाराने पुढे गेल्या. वुड्सची जुनी युक्ती नव्या वेषात कामास आली.

यानंतरची मोठी पायरी जपानची. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो-ओसाका मार्गावर ताशी २१० किलोमीटर वेगाची गाडी धावू लागली, आणि पुढच्याच वर्षी तिच्यात प्रवाशांसाठी टेलिफोन आला. पण एवढ्या वेगाने, बोगद्यांतून धावणाऱ्या गाडीला मनोऱ्यांचा आधार पुरत नाही असे तेथील इंजिनियरांना आढळले. म्हणून १९८२ साली सुरू झालेल्या तोहोकू मार्गावर त्यांनी रुळालगत सर्वत्र एक निराळी केबल टाकली. तिच्या वेष्टनाला ठरावीक अंतरावर मुद्दाम चिरा पाडलेल्या असतात आणि त्यांतून लहरी थोड्याथोड्या बाहेर झिरपतात. ठिबक सिंचनाची नळी जशी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाणी सोडते, तशी ही केबल गाडीच्या प्रत्येक डब्याशी निरोप सोडत जाते. मनोरा दूर, बोगदा लांब, डोंगर आडवा, ही कारणे तेथे उरत नाहीत.

या सर्व प्रयोगांतून एकच गोष्ट दिसते. जेथे जेथे धावत्या गाडीतील बोलणे यशस्वी झाले तेथे तेथे बोलण्याचा मार्ग रुळाच्या बरोबर नेण्यात आला. रुळाला परकी असलेली व्यवस्था गाडीला पुरली नाही.

मोबाइल गाडीत मुका का होतो

आता आपल्याकडील गोष्ट. भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. पुढील वीस वर्षांत ते यंत्र मोंढ्यातील हमालाच्या खिशातही आले. १४ जुलै २०१३ च्या रात्री सरकारी तारसेवा बंद झाली आणि 'तार आली' या शब्दांनी घरात पडणारा धसका इतिहासजमा झाला. निरोपाचे स्वातंत्र्य प्रत्येकाला मिळाले. फक्त ते गाडीत चढेपर्यंतच पुरते. असे का व्हावे? कारणे चार आहेत.

पहिले कारण डबा. आजचा डबा म्हणजे पोलादाची बंद पेटी. वातानुकूलित डब्यांच्या काचांवर ऊन अडविण्यासाठी धातूचा अतिशय पातळ थर देतात. ऊन जसे अडते तशाच विद्युल्लहरीही अडतात. बाहेर असलेल्या बळाचा शंभरावा हिस्साच आत पोहोचावा असेही घडते. म्हणून तर माणसे दारात जाऊन उभी राहतात, आणि तो निरोप कित्येकदा जिवावर बेततो.

दुसरे कारण हस्तांतर. मोबाइलचा प्रत्येक मनोरा आपल्या भोवतालच्या लहानशा मुलखाचा पाटील असतो. ताशी १३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ३६ मीटर तोडते. तीन किलोमीटरचा मुलूख तिने दीड मिनिटाच्या आत ओलांडला. तेवढ्यात या पाटलाने त्या पाटलाकडे संभाषण सोपवावयाचे असते. एकटा मोटारस्वार असेल तर ते सहज साधते. गाडीत मात्र शेकडो माणसे एकाच क्षणी वेस ओलांडतात, आणि नव्या पाटलाच्या दारी एकदम जत्रा लोटते. ज्याचा नंबर लागला नाही त्याचे बोलणे तुटते.

तिसरे कारण वेगाचे. जवळ येणाऱ्या इंजिनाची शिट्टी चढ्या सुरात ऐकू येते आणि पुढे निघून गेल्यावर तो सूर उतरतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ डॉप्लर याचे नाव या नियमाला दिलेले आहे. विद्युल्लहरींचेही तसेच होते. मात्र आपल्या गाड्यांच्या वेगाला हा दोष फार मोठा नाही. सेकंदाला १८० कोटी कंपने असणाऱ्या लहरीत १३० किलोमीटरच्या वेगाने जेमतेम २१७ कंपनांचा फरक पडतो, आणि तो सावरून घेण्याची सोय यंत्रात असते. ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे मात्र हा फरक गंभीर होतो. म्हणून आपल्याकडील तुटलेल्या बोलण्याचे खापर वेगावर फोडणे बरोबर नाही.

चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मनोरे उभारले गेले ते गावासाठी, बाजारासाठी, मोठ्या रस्त्यासाठी. रूळ मात्र गावाला बगल देऊन जातो. दोन स्टेशनांच्या मध्ये तुरीची आणि सोयाबीनची शेते असतात, बालाघाटाच्या अंगाला काळ्या खडकात खोदलेल्या घळी असतात. तेथे कोणी गिऱ्हाईक राहत नाही. गिऱ्हाईक तेथून फक्त जाते. धावत्या माणसाचा मुक्काम कोठेच नसल्यामुळे त्याचा धनीही कोणी नाही. कंपनी म्हणते हा रेल्वेचा डबा, रेल्वे म्हणते हा कंपनीचा टेलिफोन. तारेच्या काळी प्रत्येक मैलाला जो धनी होता तो येथे नाहीसा झाला.

कवच आले, कोणासाठी?

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहा. गाड्यांची टक्कर टाळण्यासाठी भारतात तयार झालेली 'कवच' ही यंत्रणा आपण ऐकून असाल. तिचे आरंभीचे प्रयोग दक्षिण मध्य रेल्वेवर, विकाराबादच्या परिसरात झाले आणि २०२० साली तिला राष्ट्रीय यंत्रणा म्हणून मान्यता मिळाली. त्यानंतर देशात ती प्रथम ज्या मार्गांवर बसली त्यांत मनमाडपासून परभणी-नांदेडवरून सिकंदराबादकडे जाणारा मार्ग आहे, आणि बीदर-परळी-परभणी हा उदगीर व लातूर रोडवरून जाणारा मार्गही आहे. आपला मराठवाडा पुष्कळ गोष्टींत मागे राहिल्याची तक्रार आपण करतो आणि ती खोटी नाही. या एका गोष्टीत मात्र तो देशाच्या पुढे होता.

कवचाचे काम थोडक्यात असे. रुळाच्या पट्ट्यांवर लहान लहान खुणेच्या चकत्या बसविलेल्या असतात. इंजिन त्यांच्यावरून जाताना आपण कोठे आहोत हे ओळखते. स्टेशनाजवळ मनोरा असतो आणि इंजिनाच्या माथ्यावर रेडिओ. दोघांचे बोलणे सतत चालू असते: पुढे सिग्नल कोणता, मार्ग किती मोकळा, वेग किती असावा. चालकाने धोक्याचा सिग्नल ओलांडू पाहिले तर यंत्र स्वतः ब्रेक लावते. आणि येथेही जुनाच नियम आहे: बोलणे तुटले तर ते तुटल्याचे यंत्राच्या ध्यानात येते आणि त्याप्रमाणे ते सावध होते. मौनाला अर्थ आहे. लोखंडी गोळा जाऊन लहरी आल्या, तरी शिस्त तीच राहिली.

आता विचार करा. नांदेडकडे येणाऱ्या एका गाडीच्या माथ्यावरून स्टेशनाशी अखंड बोलणे चालू आहे; आणि त्याच गाडीच्या पोटात बसलेला माणूस "हॅलो, हॅलो" करीत आहे. लहरी त्याच, रान तेच, रात्र तीच. शास्त्राला जमत नाही असे म्हणावयास मग जागा कोठे उरली?

हा एकच दाखला नव्हे. २००० साली स्थापन झालेल्या रेलटेल या सरकारी कंपनीने रुळांच्या कडेने काचतंतूंचे जाळे देशभर पसरविले. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून सुरुवात होऊन पुढे सहा हजारांहून अधिक स्थानकांवर प्रवाशांना वायफाय मिळाले. म्हणजे तारेच्या काळचाच न्याय: गाडी थांबली तर बोला. २०१३ साली हावडा राजधानीत उपग्रहाच्या साहाय्याने धावत्या गाडीत वायफाय देण्याचा प्रयोग झाला. पण खर्च फार आणि उपयोग बेताचा, म्हणून ती योजना सोडून दिल्याचे २०२१ साली संसदेत सांगण्यात आले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरींचा एक हिस्सा देण्यात आला, तो गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी आणि कर्मचाऱ्यांच्या संभाषणासाठी. हे योग्यच झाले. गाडीचा निरोप आधी, हा क्रम मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की, आधीनंतर 'नंतर' यावयास हवे.

'गप्पांसाठी एवढा खटाटोप?'

कोणी म्हणेल, गाडीतील माणसे टेलिफोनवर गप्पा मारतात, मोठ्याने गाणी लावतात. चार घटका ती गप्प बसली तर शेजाऱ्यावर उपकारच होतील. या आक्षेपाशी माझे मन थोडेसे सहमत आहे हे मी लपवीत नाही. परंतु नियम गप्पिष्टाकडे पाहून करावयाचा नसतो, गरजवंताकडे पाहून करावयाचा असतो.

२८ डिसेंबर २०१३ ची पहाट. बंगलोरहून आपल्या नांदेडला येणाऱ्या एक्सप्रेसच्या एका वातानुकूलित डब्याला आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात, कोथाचेरुवूजवळ आग लागली. सव्वीस माणसे गेली. अशा वेळी काचा फोडणे, गाडी थांबविणे, दार उघडणे हे पहिले उपाय खरेच. परंतु बाहेर पडलेल्याने मदत मागावयाची ती कशाच्या जोरावर? खिशातील यंत्र त्या आडरानात बोलेल की नाही हे दैवावर सोडून कसे चालेल? गार्डाच्या हाती तारेला अडकविण्याची काठी तरी होती.

आगीचा प्रसंग विरळा असतो, आणि तो तसाच राहो. पण रोजचे प्रसंग काय थोडे आहेत? लातुरास शिकावयास येणारी सोळा-सतरा वर्षांची मुले रात्रीच्या गाडीने एकटी प्रवास करतात. मुंबईस किंवा हैदराबादेस उपचाराला निघालेला रोगी वाटेत अत्यवस्थ होतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराच्या दर्शनाला पंजाबातून निघालेली म्हातारी दीड-दोन दिवस गाडीत असते. एकटी स्त्री रात्री १३९ हा मदतीचा क्रमांक फिरविते. तिकीट, पैसा, औषधाची चिठ्ठी, सारे आता त्याच यंत्रात असते. या माणसांचा निरोप तुटतो तेव्हा पलीकडे कोणाला काय कळते? काहीच नाही. यंत्र बंद आहे, माणूस झोपला आहे, की संकटात आहे? प्रवाशाच्या मौनाला अर्थच नाही. स्टेशनमास्तराच्या मेजावर जे मौन सावध करीत असे, तेच मौन घरच्या माणसाला नुसते जाळीत राहते.

करावयाचे काय?

उपाय अज्ञात नाहीत. पहिला उपाय डब्याचा. डब्याच्या माथ्यावर एक ग्राहक बसवावयाचा आणि त्याने पकडलेल्या लहरी आतल्या लहान यंत्राने डब्यात खेळवावयाच्या. म्हणजे पोलादाचा अडसर संपला. काचांचा थरही लहरींना वाट देईल असा, बारीक रेषांनी कोरून करता येतो. जर्मनी व स्वित्झर्लंड या देशांतील गाड्यांत तशा काचा वापरल्या गेल्या आहेत. दुसरा उपाय रुळाचा. रुळालगतच्या रेल्वेच्या जागेवर, तेथूनच जाणाऱ्या काचतंतूंना जोडून, रुळाकडे तोंड केलेले मनोरे उभारावयाचे आणि बोगद्यांतून झिरपणारी केबल न्यावयाची. ते सर्व कंपन्यांनी मिळून वापरावे. उपग्रहापर्यंत जाऊन येण्याची यातायात करण्यापेक्षा पायाखालच्या काचतंतूकडे वळणे शहाणपणाचे.

आणि येथे लातूरचा संबंध फार जवळून येतो. लातूरजवळ हरंगुळ येथे मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरीची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली आणि २०२० च्या डिसेंबरात तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. शयनयान असलेल्या एकशे वीस वंदे भारत गाड्या बांधण्याचा करार २०२३ साली झाला, त्यासाठी हाच कारखाना नेमलेला आहे. मुंबई-जालना वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि २६ ऑगस्ट २०२५ पासून ती नांदेडपर्यंत येऊ लागली. या गाड्यांत संकटकाळी प्रवाशाने चालकाशी बोलावे यासाठी भिंतीत यंत्र बसविलेले असते. प्रवाशाचा आवाज इंजिनापर्यंत पोहोचला ही मोठीच गोष्ट आहे. तो आता घरापर्यंत पोहोचावा. डबा बांधतानाच माथ्यावर ग्राहकाची जागा ठेवली तर ते काम सोपे. तयार डबा मागाहून फोडून करावयाचे म्हटले तर जिकिरीचे. ज्या गावाने एका अडीच फुटी गाडीने बाहेरचे जग पाहिले, त्या गावात आता देशाचे वेगवान डबे बनावयाचे आहेत. त्या डब्यांत माणसाचा आवाज अडकून पडणार नाही अशी मागणी लातूरकरांनी नाही करावयाची तर कोणी?

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत आधी करण्याजोगा. रुळाच्या प्रत्येक किलोमीटरवर बोलणे कोठे तुटते हे मोजा आणि ते जाहीर करा. जेथे अद्याप सोय होत नाही तेथे डब्यातील फलकावर लिहा की, पुढील बारा किलोमीटर संपर्क होणार नाही. एवढ्या एका ओळीने मौनाला अर्थ येतो. दारात लोंबकळणारा माणूस आत येऊन बसेल आणि आपले बोलणे आधीच उरकून घेईल. आणि जे मोजले जाते, छापले जाते, त्याला आज ना उद्या धनी मिळतोच. तारेच्या खांबांवर क्रमांक घातलेले असत ते उगीच नव्हे.

श्रोतेहो, रुळाकडेच्या त्या जुन्या खांबांपैकी काही अजूनही कोठे कोठे उभे दिसतात. तारा गेल्या आहेत आणि खांब तिरके झाले आहेत. त्यांच्याकडे पाहून हळहळण्याचे कारण नाही. त्यांचे काम लहरींनी उचलले आणि ते अधिक चांगले केले. मात्र त्या खांबांनी शिकविलेला धडा आपण अर्धाच घेतला आहे. गाडीच्या निरोपाला आपण धनी दिला. गाडीत बसलेल्या माणसाच्या निरोपाला तो द्यावयाचा राहिला आहे. तो मिळेल त्या दिवशी लातूर रोडच्या फलाटावरचे ते वडील गाडीच्या वेळेला घरून निघतील, आणि या गोष्टीत इतिहासकाराला सांगण्यासारखे काही उरणार नाही. तो दिवस लवकर येवो, एवढे म्हणून आपली रजा घेतो.